पाण्यात आपली पाळी

तिरोडा मागे पडलं तरी औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या बराच वेळ दिसत राहतात. मग त्या झाडांआड जातात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. डिसेंबरात कापणी उरकलेली असते. बांध्यांत जागोजाग धानाचे पुंजणे उभे असतात, कुठे चुरणी चाललेली असते आणि तिची भुकटी रस्त्यापर्यंत येते. जिथे जमिनीत अजून ओल आहे तिथे धानाच्या खुंटांमधून लाखोरीची कोवळी पानं वर आलेली दिसतात. धान उभं असतानाच चिखलात लाखोरीचं, जवसाचं बी फेकायचं आणि मागे राहिलेल्या ओलीवर दुसरं पीक काढायचं, ही इकडची जुनी रीत. तिला उतेरा म्हणतात. पावसाचा शेवटचा थेंबसुद्धा वाया न घालवणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे.

मस्कतहून मुंबई, तिथून नागपूर आणि पुढे रेल्वेने तिरोडा असे आम्ही आलो होतो. माझं आजोळ इथलं, बोदलकसा तलावाच्या कालव्याखालच्या एका गावातलं. दोन्ही मुलं गाडीच्या खिडक्यांना चिकटून बसली होती. त्यांचा जन्म मस्कतचा, शाळाही तिथलीच. त्यांच्या ओळखीचा रस्ता म्हणजे दोन्हीकडे झाडाचं नाव नसलेले तपकिरी डोंगर, मधे कोरड्या वाद्यांची रुंद, गोट्यांनी भरलेली पात्रं आणि फार लांबवर खजुराची एक हिरवी पट्टी. इथे हिरवं संपतच नव्हतं. सुकडी-डाकरामच्या बाजूला वळलो तसं सागाचं, बांबूचं रान दाटत गेलं. चक्रधर स्वामींच्या नावाशी जोडलेलं हे महानुभावांचं तीर्थ. चैत्री पौर्णिमेपासून इथे मोठी यात्रा भरते. लहानपणी मी आजीचा हात धरून त्या यात्रेत हिंडले आहे. त्या दिवशी आवार शांत होतं. आम्ही नमस्कार केला आणि पुढे निघालो.

बोदलकसा एकदम समोर येतो. झाडी सरते, मातीची लांब पाळ दिसते, आणि पाळीवर चढलं की तीन बाजूंनी डोंगरांच्या कुशीत पसरलेलं पाणी. सकाळचे नऊ वाजले तरी त्यावरचं धुकं पुरतं उठलेलं नव्हतं. मध्यभागी बदकांचे थवे होते. तलवार बदकं, लालसरी, आणि आपल्याकडे बाराही महिने राहणाऱ्या अडया. पलीकडच्या काठाला एक ढिवर छोट्या डोंग्यातून जाळं ओढत होता. आमची धाकटी, वय वर्षं दहा, पाळीवर उभी राहून किती तरी वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारलं, "आई, हे पाणी कोणाचं आहे?"

तिने कौतुकाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि तिच्या वाढण्याचा जो प्रदेश आहे तिथे हा प्रश्न अगदी रास्त आहे.

मस्कतमध्ये पाणी समुद्रातून येतं. घुब्रा भागातलं खारं पाणी गोडं करणारं मोठं केंद्र १९७६ साली सुरू झालं आणि त्यानंतर शहर पसरत गेलं. माझा नवरा अशाच एका केंद्रात देखभालीचं काम करतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते वेगळं करायला त्याच्या केंद्रात पाणी प्रचंड दाबाने बारीक पडद्यांमधून ढकलावं लागतं, आणि त्या दाबासाठी रात्रंदिवस वीज लागते. २००८-०९ च्या हिवाळ्यात ओमानच्या समुद्रात तांबड्या शेवाळाची लाट आली तेव्हा पडदे तुंबू नयेत म्हणून काही केंद्रं बंद ठेवावी लागली होती. आमच्या घरात त्यामुळे पाण्याविषयीचं बोलणं नेहमी पंप, पडदा, दाब आणि वीज यांचंच असतं.

तिथलं रोजचं जगणं मात्र इतर कुठल्याही मराठी घरासारखंच. पहाटे उठून डबे, साडेसहाच्या आत शाळेची बस, दुपारी मुलं परत, संध्याकाळी अभ्यास. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी घरच्यांशी निवांत बोलणं, दुपारी रुवीच्या बाजारात भाजीपाला. तिथे कढीपत्त्यापासून अळूच्या पानांपर्यंत सगळं मिळतं. गणपती, कोजागिरी, संक्रांत आपल्या माणसांत होतात. महाशिवरात्रीला जुन्या मस्कतमधल्या मोतीश्वर मंदिरात रांग लागते. त्या आवारात एक विहीर आहे. भोवती उघडे खडक असूनही तिचं पाणी आटत नाही, असं तिथली जुनी मंडळी सांगतात, आणि नवीन आलेला प्रत्येक जण तिच्यात डोकावून बघतो.

उन्हाळ्यात घराची सगळी घडी पाण्याभोवती बदलते. गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा आम्ही गीझरचं बटण बंद ठेवतो. गीझरमधलं पाणी घराच्या सावलीत असतं म्हणून तेच त्यातल्या त्यात गार, अंघोळीला तेच वापरायचं. नवीन आलेल्या बायकांना शेजारणी सगळ्यात आधी हे शिकवतात. पिण्याचं पाणी मोठ्या बाटल्यांतून दारात येतं. वातानुकूलन यंत्राच्या नळीखाली बादली ठेवायची आणि त्या पाण्यावर तुळस जगवायची, हेही घरोघरी. जून-जुलैत तुळस आत आणावी लागते, नाहीतर दोन दिवसांत तिची काडी होते. मुलांना हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. पाण्याचं मोल त्यांना ठाऊक आहे, कारण महिन्याचं बिल ती बघतात. पण हे पाणी आपलं आहे, ते राखणाऱ्यांत आपणही आहोत, असं वाटण्याची जागा त्या व्यवस्थेत कुठेच नाही. ज्या देशात आपण राहतो, कमावतो, मुलं वाढवतो, त्या देशात आपलं राहणं नोकरीच्या परवान्याला बांधलेलं असतं. परवाना संपला की घर आवरायचं, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

तरीही त्या वाळवंटाविषयी माझ्या मनात माया आहे, आणि ती पाण्यामुळेच आहे. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ ओमानवर आलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, मुलं झाली नव्हती. एरवी वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या वाद्या एका रात्रीत दुथडी भरल्या. रस्ते उखडले, गाड्या वाहून गेल्या, ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसं गेली. घुब्राचं केंद्र बंद पडलं आणि शहरात सगळीकडे पाणी साचलेलं असताना नळ कोरडे झाले. आमच्या इमारतीत केरळचं एक कुटुंब होतं, एक कच्छी, एक पाकिस्तानी, वर एक ओमानी म्हातारे गृहस्थ मुलाकडे राहत. टँकर आला की सगळ्यांची भांडी एका रांगेत लागत. त्या म्हाताऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी क्रम लावून दिला. ज्या घरात तान्हं मूल आहे ते पहिलं, मग आजारी माणसाचं घर, मग बाकीचे आळीपाळीने, आणि जो आज शेवटी राहिला तो उद्या आधी. भाषा एकमेकांची नीट येत नव्हती. पण हा न्याय प्रत्येकाला लगेच पटला.

हा न्याय त्यांनी कुठून आणला ते मला पुढे काही वर्षांनी उमगलं. निझवाजवळ फलज दारिस पाहायला गेलो तेव्हा. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं किंवा वादीच्या तळातलं पाणी उताराने गावापर्यंत आणणारा पाट, कधी कित्येक किलोमीटर जमिनीखालून. ओमानमध्ये असे सुमारे ३,००० पाट आजही वाहतात. त्यांतल्या पाचांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात घेतलं, दारिस त्यांतलाच. गावाच्या तोंडाशी पहिल्यांदा पिण्याचं पाणी घ्यायची जागा, मग मशीद, मग नाहणी, त्याच्याखाली खजुराच्या बागा आणि शेवटी हंगामी पिकांची वाफी. पाण्याचा वाटा वेळेवर मोजतात. अर्ध्या तासाचा एक अथर. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून ही वेळ पिढ्यान्‌पिढ्या ठरत आली. बिर्कत अल-मौझ इथल्या फलज अल-खतमैनचं पाणी तीन सारख्या पाटांत वाटलं जातं. फलज राखायला गावाने नेमलेला कारभारी असतो, आणि गाळ काढायची, भिंत ढासळली तर बांधायची जबाबदारी वाटेकऱ्यांवर असते. वाळवंटात गावं टिकली ती अशी. ज्याचा पाण्यात वाटा, त्याचा कामातही वाटा.

मुलांनी त्या दिवशी पाटात पाय सोडले, मासे बघितले, फोटो काढले आणि आम्ही परतलो. आम्ही पाहुणे होतो. त्या पाण्यात आमचा अथर नव्हता, असायचं कारणही नव्हतं.

म्हणून बोदलकशाच्या पाळीवर धाकटीने विचारलं तेव्हा उत्तर देण्याआधी मी तिला खाली कालव्यावर नेलं. तिथे माझे मामा उभे होते. सत्तरी ओलांडली आहे, पण सायकलवरून आले होते.

मुलीने त्यांनाही विचारलं, "मामाआजोबा, ह्या पाण्याचं बिल कोण भरतं?"

मामा हसले. म्हणाले, "पाणीपट्टी भरतो ना बाई आम्ही. पण पाणी काही पट्टी भरली म्हणून येत नाही. पाळी आली म्हणजे येते."

मग त्यांनी तिला सगळं समजावून दिलं, आणि त्यातलं बरंच मीही नव्याने ऐकलं. हे धरण १९१७ सालचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मध्य प्रांताने लागोपाठ दोन भीषण दुष्काळ पाहिले, १८९६-९७ आणि १८९९-१९००. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगामुळे सरकारने या भागात तलाव बांधायला घेतले. बोदलकसा, शेजारचा चोरखमारा, चंद्रपूरकडचे आसोलामेंढा आणि घोडाझरी हे सगळे त्यानंतरचे. पण तलाव बांधायची विद्या सरकारने इथे आणली नव्हती. ती आधीच होती. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या मुलखात पाळी घातल्या, उताराचा अंदाज घेऊन पाणी अडवलं, तुडुमातून ते धानाला सोडलं. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे इथे लहान पोरही सांगेल. मालगुजारी संपल्यावर १९५१ मध्ये गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. आता त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, हे दोन्ही तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात ते या माणसांच्या घामामुळे.

"पाऊस चांगला असला तर कालव्याची आठवणबी येत नाही," मामा सांगत होते. "पण ऑक्टोबरात पावसानं दगा दिला, अन् धान निसवत असताना बांधी सुकली, तर लोंब पोचट निघते. वर्षभराची मेहनत त्या आठ दिवसांत जाते. तेव्हा पाणी सोडतात. अन् तेव्हाच भांडणंबी होतात."

भांडणं कशावरून, ते त्यांनी जागेवर दाखवलं. धरणाजवळच्या शेताला पाणी आधी मिळतं, शेवटच्या शेताला सगळ्यात उशिरा, आणि मधल्या कोणी पाट फोडला किंवा जास्त वेळ पाणी ओढलं तर टेलवर, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, थेंब पोचत नाही. आमच्या मामांचं शेत टेलवर आहे. पाटकरी पाळी ठरवून जातो, पण रात्री दोन वाजता पाळी आली तर कंदील घेऊन, आता टॉर्च घेऊन, पाटाच्या कडेने चालत जाऊन वरच्याचं दार बंद झालं का ते स्वतः बघावं लागतं. शेतकऱ्यांनीच पाणी वाटून घ्यावं यासाठी राज्यात २००५ साली कायदा झाला, पाणीवापर संस्था निघाल्या. मामा म्हणाले, कागद चांगला आहे, पण पाटातला गाळ कागदानं निघत नाही. पावसाळ्याआधी सगळे मिळून पाट साफ करतात त्या वर्षी पाणी टेलपर्यंत येतं. करत नाहीत त्या वर्षी येत नाही.

माझा नवरा हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता. त्याचं आयुष्य पाण्यातलं मीठ काढण्यात गेलं आहे. त्याने मामांना निझवाच्या फलजविषयी सांगितलं, अर्ध्या तासाचा वाटा, सावलीची काठी, तारे. मामांनी थांबवून पुन्हा विचारलं, "ताऱ्यावर? रातच्या पाळीला?" मग समाधानाने मान हलवली. "बरोबर आहे. रातची पाळीच खरी कठीण."

त्या क्षणी मला जे जाणवलं ते सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणारं मस्कत आणि बाराशे-तेराशे मिलिमीटर पडणारा गोंदिया, यांत काय साम्य असणार असं मला कायम वाटे. साम्य पावसात नाहीच. दोन्हीकडे पाण्याने माणसांना एकमेकांसाठी रात्री जागायला लावलं आहे. जिथे आपल्यासाठी कोणी पाळी सोडतं आणि आपणही कोणासाठी दार बंद करतो, ती जागा आपली होते. जमिनीचा उतारा, परवाना, पारपत्र हे सगळं नंतर येतं. गोनूच्या दिवसांत आमच्या इमारतीतली माणसं आमची झाली ती त्या रांगेमुळे. त्यातलं केरळचं कुटुंब कधीच मायदेशी परतलं, पण बाळंतपणात मला डबा त्यांच्याच घरून आला आणि त्यांच्या मुलाला शाळेतून आणायला वर्षभर आम्ही जात होतो. परदेशातलं आपलं रोजचं घर अशा पाळ्यांवरच उभं असतं. एकमेकांच्या मुलांना शाळेत सोडणं, रात्री-अपरात्री विमानतळावर आणायला जाणं, कोणाचं कामावरचं बिनसलं तर दोन महिने त्याचं घरभाडं सगळ्यांनी मिळून भरणं. याचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, पण विसरतही नाही.

दुपारी मामांच्या घरी जेवलो. भात एचएमटीचा, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्याशा शेतात निवडून निवडून तयार केलेलं हे वाण. आम्ही दर वेळी मस्कतला जाताना त्याची पिशवी नेतो. सोबत तलावातल्या माशाचं कालवण आणि लाखोरीच्या कोवळ्या पानांची भाजी. मामी मुलांच्या ताटात वाढत होत्या आणि मोठा, एरवी भाताला नाक मुरडणारा, न बोलता जेवत होता. मग मामांच्या नातवाने दोघांना बांधीवर नेलं, धुऱ्यावरून तोल सांभाळत चालायला शिकवलं, आणि लांबवर उभी असलेली सारसांची जोडी दाखवली. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरले आहेत, आणि ते राहतात धानाच्या बांध्यांतच. शेतकऱ्याने बांधीतलं घरटं राखलं तरच त्यांची पिल्लं मोठी होतात.

रात्री आम्ही तलावाकाठच्या पर्यटन महामंडळाच्या निवासात राहिलो. तिथून नागझिऱ्याचं रान जवळच. १९७० मध्ये अभयारण्य झालेलं ते जंगल २०१३ च्या डिसेंबरात नवेगावला जोडून व्याघ्र प्रकल्प झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जिप्सीतून आत फिरलो, गवे पाहिले, अस्वलाने उकरलेलं वारूळ पाहिलं. मुलं खूश होती. पण संध्याकाळी शेकोटीपाशी दोघं बोलत होती ती पाटाविषयी. मोठ्याचं म्हणणं, टेलवरच्याला पहिली पाळी द्यावी म्हणजे भांडण मिटेल. धाकटी म्हणत होती, मग वरचा म्हणेल मी जवळ राहून उपाशी का? मामांना त्यांनी फोन करून निवाडा मागितला. मामांनी सांगितलं, ह्या वर्षी टेलकडून सुरू करावं, पुढच्या वर्षी वरून. इमारतीतल्या त्या ओमानी म्हाताऱ्यांनी आम्हांला हेच सांगितलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही ठरवलं. आजवर आम्ही डिसेंबरात येत होतो, कारण हवा छान असते आणि तिकिटं परवडतात. मस्कतमधल्या आपल्या शाळांची मोठी सुट्टी जून-जुलैत असते, आणि तेव्हा विमानभाडं इतकं चढतं की चौघांचं जाणं-येणं म्हणजे वर्षाच्या बचतीला हात घालणं. पण जूनमध्ये इथे पऱ्हे टाकतात, जुलैत रोवणी होते. पुढच्या वर्षी आम्ही जूनमध्ये येणार आहोत. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी आनंद वगैरे काही दाखवला नाही. म्हणाले, "पाऊस लागायच्या आधी या. पाट साफ करायचा राहतो. जावयांना फावडं धरता येते का विचार."

नवरा म्हणाला, येतं. मुलांनी आपापली नावं आधीच सांगून ठेवली आहेत, आणि मस्कतच्या घरी दिनदर्शिकेत जूनचा दुसरा आठवडा लाल पेनने अडवला आहे.